विद्युत वायरचा आकार कसा ठरवावा: तक्त्यातला आकडा आणि प्रत्यक्ष जागा

अमुक चौरस मिलिमीटरची वायर किती अँपिअर सोसते, असा प्रश्न वायर घेताना हमखास विचारला जातो आणि त्याला एका आकड्यात उत्तर मिळावे अशी अपेक्षा असते. असे एकच उत्तर अस्तित्वात नाही. पीव्हीसी आवरणाचा २.५ चौ. मिमीचा तांब्याचा वाहक घेऊ. तो केबलच्या रूपाने भिंतीच्या पृष्ठभागावर उघडा बसवला तर २७ अँपिअर वाहून नेऊ शकतो, भिंतीवरच्या पाइपमधून नेला तर २४, आणि उष्णतारोधक थर असलेल्या भिंतीच्या पोटातल्या पाइपमधून नेला तर १९.५ अँपिअर. हे तिन्ही आकडे आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकातले असून ते भोवतालचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि भार वाहणारे वाहक दोन, असे गृहीत धरून दिलेले आहेत. तिन्ही ठिकाणी तांबे तेच आहे आणि आवरणही तेच आहे, फक्त उष्णता बाहेर पडण्याची वाट बदलली आहे. म्हणून वायर निवडण्याआधी ती कुठून जाणार, तिच्या सोबतीला आणखी किती वायरी असणार आणि तिथे ऐन उन्हाळ्यात तापमान किती असणार, हे माहीत असले पाहिजे.

वाहकातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केला. वायरच्या हिशोबात या वर्गाला फार महत्त्व आहे. प्रवाह २० टक्क्यांनी वाढला तर उष्णता २० नव्हे, ४४ टक्क्यांनी वाढते. शिवाय तांबे तापले की त्याचा रोधही वाढतो. २० अंशांवर असलेला रोध ७० अंशांवर जवळजवळ २० टक्क्यांनी जास्त भरतो, म्हणजे तापलेली वायर त्याच प्रवाहाला आणखी उष्णता निर्माण करते. तांबे स्वतः हजार अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे मर्यादा तांब्याची नसते, आवरणाची असते. नेहमीच्या पीव्हीसी आवरणासाठी वाहकाचे तापमान सतत ७० अंशांपर्यंत आणि एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिइथिलीन) आवरणासाठी ९० अंशांपर्यंत चालते. ही मर्यादा ओलांडली की आवरण लगेच पेटत नाही. आधी ते मऊ होते, वळणाच्या जागी वाहक त्यात रुतू लागतो, पुढे त्यातला लवचीकपणा निघून जातो आणि काही वर्षांनी ते ठिसूळ होऊन तडकते. चुकीच्या आकाराची वायर बसवल्या दिवशी अगदी व्यवस्थित चालते, आणि म्हणूनच ही चूक इतकी धोकादायक ठरते.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करावा. वायर दुप्पट जाड घेतली म्हणून ती दुप्पट प्रवाह नेत नाही. भिंतीवरच्या पाइपमधल्या २.५ चौ. मिमीच्या वाहकाची क्षमता २४ अँपिअर आहे, तर त्याच्या चौपट तांबे असलेल्या १० चौ. मिमीच्या वाहकाची केवळ ५७ अँपिअर, म्हणजे २.४ पटीहून थोडीच कमी. छेदाचे क्षेत्रफळ चौपट झाले की रोध चौथाई होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र परिघाच्या प्रमाणात, म्हणजे दुपटीनेच वाढतो. त्यामुळे ‘दर चौरस मिलिमीटरला इतके अँपिअर’ असा जो एक ठोकताळा सर्रास वापरला जातो, तो बारीक वायरींच्या बाबतीत जेमतेम जुळतो आणि जाड वायरींच्या बाबतीत सरळ दिशाभूल करतो. व्यास आणि क्षेत्रफळ यांतही गल्लत होऊ देऊ नये. ४ चौ. मिमीच्या एकसंध तारेचा व्यास सुमारे २.२६ मिमी असतो, ४ मिमी नव्हे. गेज पद्धतीत तर आकडा जितका मोठा तितकी तार बारीक असते.

पहिली पायरी: भाराचा प्रवाह काढणे

एकफेज भारासाठी वॅटला व्होल्टने आणि पॉवर फॅक्टरने (व्होल्ट गुणिले अँपिअर यांतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) भागले की अँपिअर मिळतात. तीनफेज भारासाठी फेज ते फेज व्होल्टेज घेऊन भाजकाला आणखी १.७३२ ने गुणावे. पाणी तापवण्याचे गीझर, शेगडी, इस्त्री अशा तापणाऱ्या उपकरणांचा पॉवर फॅक्टर १ धरता येतो, त्यामुळे ३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर घेतो.

मोटरच्या बाबतीत असे सरळ भागून चालत नाही, कारण तिच्या पाटीवरचे किलोवॅट हे दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचे असतात. १.५ किलोवॅटच्या एकफेज मोटरची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर ती ६.५ नव्हे, १० अँपिअरहून किंचित जास्त प्रवाह घेईल. पाटीवर अँपिअर छापलेले असतील तर तोच आकडा प्रमाण मानावा.

भार किती वेळ सलग चालणार, हेही येथेच पाहावे. मिक्सर काही मिनिटे चालतो, तर विद्युत वाहनाचा चार्जर पूर्ण क्षमतेने रात्रभर चालू शकतो. वायरला तापून स्थिर तापमानाला पोहोचायला वेळ लागतो आणि अशा दीर्घ भारामुळे तिला तो पुरेपूर मिळतो. चार्जर, गीझर आणि वातानुकूलन यंत्र यांच्यासाठी ‘सगळे एकदम चालणार नाही’ अशी सवलत हिशोबात घेऊ नये, प्रत्येकाला स्वतंत्र सर्किट द्यावे.

दुसरी पायरी: एमसीबी, म्हणजे वायरचा रखवालदार

एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की सर्किट आपोआप तोडणारा स्विच, उपकरणाचे रक्षण करतो असे अनेकांना वाटते, पण त्याचे पहिले काम वायरचे रक्षण करण्याचे आहे. म्हणून तीन आकडे चढत्या क्रमाने यायला हवेत: भाराचा प्रवाह, त्याच्याइतके किंवा त्याहून मोठे एमसीबीचे रेटिंग, आणि त्या रेटिंगइतकी किंवा त्याहून मोठी वायरची प्रत्यक्ष क्षमता. वायरची क्षमता भाराहून मोठी असली म्हणजे झाले, असे नाही. ती एमसीबीच्या रेटिंगहूनही कमी असता कामा नये.

घरगुती वापराचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या १.१३ पट प्रवाहाला तासाभरात ट्रिप होऊ नये, आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभरात नक्की ट्रिप व्हावा, अशी त्याची रचना असते. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअर प्रवाह कुरकुर न करता चालू देतो, आणि २३ अँपिअरच्या आसपासचा प्रवाहही बराच वेळ वाहू देऊ शकतो. वायरची क्षमता निदान १६ असेल तर तेवढा ताण तिला अधूनमधून सोसता येतो. ती १३ असेल तर एमसीबीच्या दृष्टीने सारे ठीक चालू असताना भिंतीच्या आत आवरण भाजत राहते.

याच कारणासाठी वारंवार ट्रिप होणारा एमसीबी काढून त्या जागी मोठ्या रेटिंगचा बसवणे हे विद्युत कामातल्या अत्यंत घातक कृत्यांपैकी एक आहे. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करणे म्हणजे तिचे संरक्षण काढून घेणे होय. एमसीबी वाढवायचा असेल तर आधी वायरची क्षमता नव्याने काढावी आणि ती अपुरी असेल तर वायर बदलावी.

तिसरी पायरी: जागेप्रमाणे दुरुस्ती

भिंतीवरच्या पाइपमध्ये, पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या दोन भारवाहक वायरींसाठी, ३० अंश तापमानाला मूळ क्षमता अशी आहे:

१.५ चौ. मिमी: १७.५ अँपिअर
२.५ चौ. मिमी: २४ अँपिअर
४ चौ. मिमी: ३२ अँपिअर
६ चौ. मिमी: ४१ अँपिअर
१० चौ. मिमी: ५७ अँपिअर
१६ चौ. मिमी: ७६ अँपिअर

या आकड्यांना परिस्थितीनुसार गुणक लावावे लागतात. पीव्हीसीसाठी भोवतालचे तापमान ३५ अंश असेल तर ०.९४, ४० असेल तर ०.८७, ४५ असेल तर ०.७९ आणि ५० असेल तर ०.७१. येथे तापमान खोलीचे धरू नये, वायर जिथून जाते तिथले धरावे. पत्र्याच्या छपराखालची पोकळी किंवा दिवसभर ऊन खाणारी भिंत खोलीपेक्षा बरीच तापलेली असते. एकाच पाइपमध्ये एकाहून जास्त भारित सर्किटे असतील तर वेगळा गुणक लागतो: दोनला ०.८०, तीनला ०.७०, चारला ०.६५, पाचला ०.६०. एका सर्किटची फेज आणि न्यूट्रल मिळून एकच सर्किट मोजले जाते. अर्थिंगची वायर एरवी प्रवाह वाहत नसल्याने मोजणीत येत नाही. वायर अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त लांबीपर्यंत उष्णतारोधक पदार्थात पूर्ण गुरफटलेली असेल तर तिची क्षमता उघड्यावर बसवलेल्या केबलच्या निम्मीच धरावी.

आता वरच्या गीझरचे उदाहरण पुरे करू. प्रवाह १३ अँपिअर, म्हणून एमसीबी १६ अँपिअरचा. पाइपच्या मार्गावर उन्हाळ्यात ४५ अंश तापमान असते आणि त्याच पाइपमध्ये एकूण तीन सर्किटे आहेत. ०.७९ गुणिले ०.७० म्हणजे ०.५५३. प्रत्येक आकाराला गुणून पाहण्यापेक्षा उलट दिशेने जाणे सोपे पडते: एमसीबीच्या १६ ला ०.५५३ ने भागले की २८.९ येतात, आणि तक्त्यात निदान एवढी मूळ क्षमता असलेला सर्वांत लहान आकार शोधायचा. २.५ चौ. मिमीचा आकडा २४ आहे, म्हणून तो बाद झाला. ४ चौ. मिमीचा ३२ आहे, म्हणून तो घ्यावा. २.५ चौ. मिमीची दुरुस्त क्षमता १३.३ अँपिअर येते. ती गीझरला अगदी काठावर पुरते, आणि फसगत होते ती येथेच, कारण गीझर नीट चालतो, वायर मात्र १६ अँपिअरच्या एमसीबीच्या भरवशावर सुरक्षित नसते.

अशा वेळी जाड वायर हा एकच उपाय असतो असे नाही. तीनऐवजी एकच सर्किट स्वतंत्र पाइपमधून नेले तर गुणक ०.७९ एवढाच उरतो, २.५ चौ. मिमीची क्षमता जवळजवळ १९ अँपिअर होते आणि तीच वायर पुरते. नव्या कामात जादा पाइप टाकणे अनेकदा जाड वायर ओढण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते, कारण गर्दी कमी असली की पुढची दुरुस्तीही सोपी होते. गुंडाळीच्या एक्स्टेन्शन बोर्डाचेही तसेच आहे. त्याची वायर रिळावर गुंडाळलेली असताना आतल्या फेऱ्यांची उष्णता बाहेर पडू शकत नाही, म्हणून मोठा भार लावण्याआधी ती पूर्ण उलगडावी.

चौथी पायरी: लांबी

इथवरच्या हिशोबात लांबीचा प्रश्न आला नाही, कारण वायर किती तापते हे तिच्या लांबीवर अवलंबून नसते. व्होल्टेजची घट मात्र लांबीवर अवलंबून असते. चालू तापमानाला, जाण्यायेण्याच्या दोन्ही वाहकांसह, दर अँपिअरला दर मीटरमागे होणारी घट १.५ चौ. मिमीसाठी २९ मिलिव्होल्ट, २.५ साठी १८, ४ साठी ११, ६ साठी ७.३ आणि १० साठी ४.४ मिलिव्होल्ट धरतात. यात परतीचा वाहक आधीच मोजलेला असल्याने लांबी एकेरीच घ्यावी. सार्वजनिक पुरवठ्यावरच्या जोडणीत, पुरवठ्याच्या सुरुवातीपासून उपकरणापर्यंत, दिव्यांसाठी ३ टक्के आणि इतर भारांसाठी ५ टक्के घट ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते.

वरची १० अँपिअरची मोटर बोर्डापासून ८० मीटर दूर आहे असे समजू. २.५ चौ. मिमीच्या वायरीत घट १४.४ व्होल्ट, म्हणजे ६ टक्क्यांहून जास्त होते, आणि तापण्याच्या दृष्टीने पुरेशी असलेली ही वायर येथे बाद ठरते. ४ चौ. मिमीने घट ८.८ व्होल्ट, म्हणजे ३.८ टक्के होते. ती मर्यादेत बसते, पण मीटरपासून बोर्डापर्यंतची घट त्यात मिळवायची असते. ६ चौ. मिमीने ती २.५ टक्क्यांवर येते. शिवाय मोटर सुरू होताना काही क्षण पाच ते आठ पट प्रवाह ओढते. सहापट धरले तर ढोबळ हिशोबाने २.५ चौ. मिमीच्या वायरीत ८६ व्होल्ट आणि ६ चौ. मिमीच्या वायरीत ३५ व्होल्ट घट होते. सुरुवातीच्या पॉवर फॅक्टरमुळे ती प्रत्यक्षात काहीशी कमी भरते, तरी दोहोंतला फरक बोलका आहे. मोटरचा पीळ (टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे बारीक वायरीवर ती सुरूच होत नाही, अडकून पडते आणि तापते. दूरच्या पंपासाठी मी ६ चौ. मिमीच घेईन.

लांब वायरीचा याहून गंभीर परिणाम शॉर्टसर्किटच्या वेळी दिसतो. ८० मीटर अंतरावर फेज अर्थिंगला टेकली, तर फेज आणि तेवढ्याच जाडीची अर्थिंग वायर मिळून २.५ चौ. मिमीच्या मार्गाचा रोध तापलेल्या अवस्थेत सुमारे १.४४ ओहम होतो. २३० व्होल्टला या मार्गाने फार तर १६० अँपिअर प्रवाह जाईल, आणि पुरवठ्याचा स्वतःचा रोध मिळवला की त्याहूनही कमी. १६ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी तत्काळ ट्रिप होण्याची खात्री रेटिंगच्या दहापटीला, म्हणजे नेमकी १६० अँपिअरला मिळते. तेव्हा बिघाड झाला तरी एमसीबी लगेच तुटेल याची हमी नाही, आणि मधल्या काळात मोटरच्या धातूच्या अंगावर धोकादायक व्होल्टेज राहू शकते. ६ चौ. मिमीच्या दोन्ही वायरींनी हाच रोध ०.५८ ओहमवर येतो आणि मार्ग मोकळा होतो. ‘बी’ प्रकारचा एमसीबी पाचपटीला तुटतो, पण मोटरच्या सुरुवातीच्या प्रवाहाने तो विनाकारण ट्रिप होण्याची शक्यता असते. आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेलाच असावा, तरी त्याच्या आधारावर अर्थिंगची वायर बारीक करू नये. तांब्याच्या फेजचा आकार १६ चौ. मिमीपर्यंत असेल तर अर्थिंगची वायर फेजइतकीच जाड घ्यावी, हा साधा आणि सुरक्षित नियम आहे.

न्यूट्रल, ॲल्युमिनियम आणि वायरीची परीक्षा

एकफेज सर्किटात न्यूट्रल फेजइतकाच प्रवाह नेतो, म्हणून त्याचा आकारही तोच हवा. तीनफेज जोडणीत तिन्ही भार सारखे असतील तर न्यूट्रलचा प्रवाह शून्याजवळ यावा, पण संगणक, एलईडी दिवे आणि इतर इलेक्ट्रॉनिक भारांमुळे निर्माण होणारे तिसऱ्या क्रमांकाचे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचे) प्रवाह एकमेकांना रद्द करत नाहीत, न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज होते. अशा ठिकाणी न्यूट्रल कधीही बारीक करू नये.

ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्याने तेवढ्याच कामाला जास्त जाड केबल लागते. त्याहून मोठी अडचण जोडाची आहे. त्याच्या पृष्ठभागावर रोध वाढवणारा ऑक्साइडचा थर चटकन बसतो आणि दाबाखाली धातू हळूहळू सरकून स्क्रू सैल होतो. ॲल्युमिनियमसाठी बनवलेले लग (केबलच्या टोकाला बसवायचे धातूचे जोड) आणि टर्मिनलच वापरावेत.

वायरीवर छापलेला आकार खरा आहे की नाही हे रोध मोजून कळते. मानकानुसार २.५ चौ. मिमीच्या एकसंध किंवा नेहमीच्या पिळाच्या तांब्याच्या वाहकाचा रोध २० अंशांवर किलोमीटरला ७.४१ ओहमपेक्षा जास्त नसावा, आणि बारीक तंतूंच्या लवचीक वाहकाचा ७.९८ पेक्षा. साधा मल्टिमीटर इतक्या कमी रोधाला विश्वासार्ह नसतो, म्हणून १०० मीटरच्या गुंडाळीतून डीसी पुरवठ्याने नेमका १ अँपिअर प्रवाह सोडून दोन टोकांमधले व्होल्टेज मोजावे. पहिल्या प्रकारात ते ०.७४ व्होल्टच्या आत यायला हवे. तापमान २० च्या वर असेल तर दर अंशाला ०.४ टक्क्यांची सूट द्यावी. आकडा बराच जास्त आला तर तांबे कमी आहे किंवा अशुद्ध आहे. कापलेल्या टोकावर तार खरवडल्यावर आत चंदेरी रंग दिसला, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असू शकते आणि तांब्याचे तक्ते त्याला लागू पडत नाहीत.

आकार बिनचूक निवडूनही सैल जोड सारे वाया घालवतो. टर्मिनलवर केवळ ०.१ ओहम जादा रोध असेल तर १६ अँपिअरला त्या एका बिंदूवर २५ वॅटहून अधिक उष्णता निर्माण होते. तंतूंच्या वायरीला धातूचे टोपण (फेरूल) चढवून मगच ती स्क्रूखाली घालावी. टोकाला डाग (सोल्डर) देऊन ते स्क्रूखाली दाबू नये, कारण डागाचा मऊ धातू कालांतराने दबतो आणि जोड ढिला पडतो. ही कामे पुरवठा बंद करून, तो बंद असल्याची खात्री करून आणि परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत.

काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक सर्किटचा वायर आकार, लांबी, एमसीबीचे रेटिंग आणि त्याच्या पाइपमध्ये एकूण किती सर्किटे आहेत, हे बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावे. पुढे कोणी त्याच पाइपमधून आणखी वायर ओढायला आला तर त्याला हाच हिशोब पुन्हा करता येतो. वरच्या गीझरच्या पाइपमध्ये चौथे सर्किट आले तर ४ चौ. मिमीची क्षमता ३२ गुणिले ०.७९ गुणिले ०.६५, म्हणजे १६.४ अँपिअर उरते आणि १६ च्या एमसीबीला ती जेमतेम पुरते. पाचवे आले तर ती १५.२ वर घसरते, म्हणून पाचव्या सर्किटासाठी नवा पाइपच टाकावा.